ताकाची घागर

आमच्या घरातल्या घागरीला हात लावायचा नाही, हे मला चालायला यायच्या सुमारासच कळलं असावं. चुलीसमोरच्या भिंतीत कोनाडा आहे, त्यात ती बसलेली असायची. दोन कानांची, गळ्याशी बारीक, पोटाशी भरलेली. पांढऱ्या लेपावर तांबडे त्रिकोण, त्यांच्यात काळ्या रेघांची जाळी आणि वरून पाइनच्या राळेची पिवळसर चकाकी. अशा घागरी आमच्या डोंगरात एकेकाळी घराघरांत होत्या. बायका वसंतात माती खणून आणायच्या, उन्हाळ्यात घडवायच्या, उघड्यावर जाळ करून भाजायच्या आणि हिवाळा संपेपर्यंत निम्म्या फोडून मोकळ्या व्हायच्या. मग प्लॅस्टिकचे कॅन आले आणि सगळ्या जणींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आमची तेवढी राहिली, कारण ती कुणी वापरतच नव्हतं. यम्मा, म्हणजे माझी आई फेत्ता, तिच्यात पाणी भरायची नाही, तेल ठेवायची नाही. गल्लीतल्या बायका घरी आल्या की तिच्यावर फडकं टाकायची. मला आणि माझ्या भावाला, बुसादला, वाटायचं की ही आमच्या आजीने केलेली असणार, म्हणून यम्मा जपते. विचारलं तर यम्मा म्हणायची, "तुला काय करायचंय? जा, कोंबड्या आत घाल." तेव्हा आमचं आम्हीच ठरवून टाकलं. आजीला आम्ही पाहिलं नव्हतं, निदान तिच्या हातची घागर तरी असू दे.

मी मल्हा. नवऱ्याशी पटलं नाही, परत आले, यम्माजवळ राहते आणि गावातल्या बायकांचे झगे शिवते. मला राग लवकर येतो असं बुसाद म्हणतो. ते खरं आहे, पण तो समोर असला की जास्त लवकर येतो. बुसादचं खाली शहरात फरशांचं दुकान आहे. दुकान चांगलं चालतं, त्याचं तोंड त्याहून चांगलं चालतं. शहरात नवं संग्रहालय निघालं तेव्हा तो त्याच्या समितीवर गेला, आणि समितीवर गेल्यापासून त्याला आमचं गाव एकदम आवडायला लागलं. पूर्वी सणाला यायचा तो आता दर शुक्रवारी यायला लागला. कुणाच्या माळ्यावर काय आहे, कुणाच्या कोनाड्यात काय आहे, याची चौकशी करत फिरायचा.

अंजिरं संपत आली होती तेव्हा तो संग्रहालयाच्या बाईंना घेऊन आला. सिहाम त्यांचं नाव. मऊ बोलणाऱ्या, बुटांना चिखल लागला तरी तोंड वाकडं न करणाऱ्या. घागरीसमोर त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणी केली ही?"

"आमच्या आजीने," बुसाद आणि मी एकदमच बोललो. भावाबहिणीचं एकमत व्हायची ती वर्षातली एकच वेळ असेल.

यम्मा कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, म्हणाली, "शेळीला बघून येते," आणि निघून गेली. शेळी आम्ही केव्हाच विकली होती. हे माझ्या ध्यानात आलं, पण पाहुण्यांसमोर कुठे बोलायचं? मी कॉफी ओतली. बुसादने घागर माझ्याच घोंगडीत गुंडाळली आणि बाळाला घ्यावं तशी उचलून गाडीत नेली. गाडी वळणाआड गेली तेव्हा यम्मा परत आली. तिने कोनाडा पुसला, तिथे रेडिओ ठेवला. त्या दिवशी ती पोटभर जेवली, आणि मला वाटलं, चला, म्हातारीला अभिमान वाटतोय.

आता नन्ना जेजिगाबद्दल सांगायला हवं. नन्ना आम्ही मोठ्या बाईला म्हणतो. तिचं दार आणि आमचं दार समोरासमोर. मधली गल्ली एवढीशी, की गाढव आडवं उभं राहिलं तर रस्ता बंद. आणि तरी त्या दोघी एकमेकींच्या उंबऱ्यावर चढलेल्या मला आठवत नाहीत. भांडण म्हणावं तर कधी शब्दाला शब्द लागला नाही. लग्नात, मौतीत भेटल्या की एकमेकींच्या खांद्याला ओठ टेकवायच्या, "कशी आहेस", "बरी आहे", संपलं. झऱ्यावर जायचं असलं की यम्मा आधी दाराच्या फटीतून बघायची. जेजिगा निघाली असेल तर हिला काहीतरी काम आठवायचं. माझा समज असा, की ऑलिव्हच्या एखाद्या झाडावरून जुनं वाकडं असणार. आमच्या गावात माणसं झाडांवरूनच भांडतात, दुसरं आहे काय भांडायला?

संग्रहालयाचं उद्घाटन ऑलिव्हच्या हंगामात ठरलं. बुसादने फुशारकी म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं, मिनीबस पाठवणार म्हणाला. आदल्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात ऑलिव्ह निवडत बसलो होतो. यम्माने पानं काढता काढता सांगितलं, "मी उद्या येत नाही. गुडघा दुखतोय."

"काल तर झाडावर चढली होतीस."

"म्हणूनच दुखतोय."

"यम्मा, मुलगा समितीवर आहे. तू नाही आलीस तर तो वर्षभर माझं डोकं खाईल."

"जेजिगा येणार आहे?"

"बुसादने तिलाच पहिल्यांदा सांगितलं. शेजारीण ना ती!"

यम्माचे हात थांबले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मल्हा, ती घागर आपली नाही."

"मग कुणाची?"

तिने हनुवटीने समोरचं दार दाखवलं.

मग जे काही तिने सांगितलं ते ऑलिव्हच्या पाटीकडे बघत, माझ्याकडे न बघता. माझे वडील फ्रान्समध्ये कारखान्यात होते, तिथेच गेले. शवपेटी घरी आली तेव्हा बर्फ पडलेलं होतं. मी रांगत होते, बुसादला नुकतं बोलता यायला लागलं होतं. मौतीच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजार जेवण पुरवतो. कुणी कुसकुस आणली, कुणी भाकरी, कुणी डाळ. नन्ना जेजिगाने या घागरीतून ताक पाठवलं, काठोकाठ. बर्फाने माणसं अडकून पडलेली, आणि त्या एका घागरीवर आमचं घर दोन दिवस निभावलं.

दिवस सरले आणि भांडी परत करायची वेळ आली. आमच्यात आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. अंडं घाला, मूठभर पावटे घाला, चार सुकी अंजिरं घाला, पण काहीतरी घाला. रिकामं भांडं परत करणं म्हणजे दिल्याघेतल्यावर थुंकणं. यम्माने घरात होतं नव्हतं ते काढलं आणि एकेक भांडं पोचतं केलं. लांबच्यांची आधी, कारण लांबची माणसं बोलतात. जेजिगा तर जिवाची मैत्रीण, एकाच वर्षी दोघी सुना म्हणून या गल्लीत आलेल्या. ती समजून घेईल म्हणून तिचं शेवटी ठेवलं. आणि तिची पाळी आली तेव्हा घरात काहीच उरलं नव्हतं.

"मग थोड्या दिवसांनी द्यायचंस."

"थोड्या दिवसांनी दोन अंडी जमली. पण एवढी मोठी घागर, आत दोन अंडी? खडखडली असती. म्हटलं, अंजिरं येऊ देत. अंजिरं आली तोवर वर्ष होत आलं. वर्षाने घागर न्यायची आणि आत अंजिरं? लोक काय म्हणतील? म्हटलं, आता तेलच. तेलाचं वर्ष चांगलं आलं तेव्हा भरली मी, शपथ. काठोकाठ भरली, दारापर्यंत नेली. तिच्या घरी फ्रान्सचे पाहुणे बसलेले. त्यांच्यासमोर कशी जाऊ? परत आणली, आपल्या बुधल्यात ओतली."

"आणि तिने कधी मागितली नाही?"

यम्माने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घाण बोलले. "भांडं मागते का कुणी? भांडं मागितलं म्हणजे आतलं मागितलं. मौतीच्या घराला पाठवलेलं ताक कुणी परत मागतं?"

हिला परत करता येईना, तिला मागता येईना. सगळं आयुष्य समोरासमोर काढलं दोघींनी. मला आधी राग आला, मग राग कुणावर काढावा ते कळेना. "बुसाद घेऊन निघाला तेव्हा तरी बोलायचं होतंस!"

"त्या शहरातल्या बाईंसमोर? माझ्या मुलासमोर? काय सांगू, की तुझी आई लोकांची भांडी दाबून बसते?" ती रडायला लागली नाही, तिचा चेहरा नुसता तापून लाल झाला. "आणि खरं सांगू? गेली तेव्हा मला बरं वाटलं. रोज सकाळी चूल पेटवायची आणि समोर ती. बरं वाटलं मला."

मी उठून बुसादला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वेडी आहेस का तू? घागरीजवळचं कार्ड छापून झालंय. उद्या मोठी माणसं येणारेत. आता मी काय सांगू, चोरीचा माल दिला?"

"चोरीचा कुठे? राहून गेलेला."

"लोकांना फरक कळतो का? गप्प बस, मल्हा. नन्नाला मोतीबिंदू झालाय, तिला काय दिसणार?"

त्याला शिव्या देऊन मी फोन ठेवला. पण खरं सांगायचं तर तो म्हणाला ते मला पटलं होतं. दुसऱ्या दिवशी मिनीबसमध्ये मी नन्ना जेजिगाला हात देऊन वर चढवलं, खिडकीजवळ बसवलं, तिच्या खांद्यावरची शाल नीट केली, आणि सगळा वेळ मनात म्हणत होते, या रब्बी, देवा, हिचा मोतीबिंदू आज कामाला येऊ दे. असलं मागणं मी देवाकडे मागितलं. यम्मा मागच्या टोकाला बसली होती, गुडघा न दुखता.

शहरात पोचलो. बायका पायऱ्या चढून आत गेल्या, यम्मा दारापाशी बाकावर टेकली. "तुम्ही जा पुढे," म्हणाली. आत दिवेच दिवे, बुसादच्या दुकानातल्या फरशा आणि काचेच्या पेट्या. बायकांना मजा येत होती. "अगं, ही तर माझ्या सासूची चाळण! आणि मी चुलीत घातली!" "माझा नवरा ठेवा म्हणावं काचेत, तोही जुना झालाय." मीही हसले. हसताना माझं लक्ष नन्ना जेजिगाकडे होतं. ती एकेका पेटीला नाक लावून बघत पुढे सरकत होती. मी तिला चुलींच्या खोलीकडे वळवायला बघितलं. "तिकडे बघण्यासारखं आहे, नन्ना." ती म्हणाली, "चूल मी रोज बघते," आणि घागरीसमोर जाऊन थांबली.

तिने नाक काचेला टेकवलं. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग मला हाक मारली.

"मल्हा, इकडे ये गं. या कागदावर काय लिहिलंय? वाचून दाखव."

"पाण्याची घागर," मी वाचलं. "भाजलेली माती, वर रंगकाम."

"आणि?"

"एवढंच."

"एवढंच कसं? ओळी तर बऱ्याच दिसतात. डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली."

मी वाचलं. काय करणार होते? "श्री. बुसाद यांच्या आजीने स्वतःच्या हातांनी घडवलेली. कुटुंबाकडून संग्रहालयास भेट." माझे कान असे तापले की डोक्यावरचा रुमाल सोडावासा वाटला. नन्ना जेजिगाच्या श्वासाने काचेवर वाफ धरली होती, ती तिने बाहीने पुसली.

तेवढ्यात बुसाद सिहामबाईंना आणि आणखी दोन-तीन कोट घातलेल्या माणसांना घेऊन आला. नन्ना जेजिगाला तिथे बघून त्याचं हसू जरा अडखळलं, पण तोंड चालूच राहिलं. "ह्या आमच्या शेजारीण. काय नन्ना, ओळखलीस का आमची घागर?"

कोटवाले कौतुकाने बघत होते, म्हातारी काहीतरी गमतीचं बोलेल म्हणून.

"ओळखणार नाही कशी?" नन्ना जेजिगा म्हणाली. "समोरच्याच घरातली."

"काय सुंदर हात होता त्यांचा," सिहामबाई म्हणाल्या.

"हो," नन्ना जेजिगा म्हणाली. "हात चांगला होता."

बुसादने माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं आणि पाहुण्यांना घेऊन पुढे गेला. मला तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तिने आमची अब्रू राखली होती, आमच्याच चोरीवर पांघरूण घालून. मला राहवेना.

"नन्ना, आम्हाला माहीत आहे. यम्माने मला काल सांगितलं."

ती माझ्याकडे वळली. "काल सांगितलं?"

"हो."

"मग आत्ता तू हे मला वाचून दाखवलंस ते कसं गं?"

ती रागावून बोलली असती तर मी रडून पाय धरले असते. पण ती रागावली नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी मान खाली घातली आणि बुसादच्या चकचकीत फरशीकडे बघत राहिले.

"माझ्या आईने केली ही," ती म्हणाली. "माझ्या लग्नासाठी. सासरी आल्यावर पहिल्यांदा झऱ्यावर गेले ती हीच घेऊन. त्या उजव्या कानाखाली खळगा आहे बघ, बोट मावेल एवढा. माती ओली होती आणि मी उगाच दाबलं. लग्न ठरलं होतं, तरी पोरकटपणा गेला नव्हता. आईने पाठीत धपाटा घातला, पण खळगा बुजवला नाही. म्हणाली, राहू दे, तुझी म्हणून ओळखू येईल. त्याच वर्षी गेली ती. तिच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं."

"आणि तू त्याच घागरीतून ताक पाठवलंस?"

"तुझा बाप बर्फातून पेटीत आला होता, मल्हा. तिथे काय टवका उडालेलं मडकं पाठवायचं?"

खळगा होता. काचेतून स्पष्ट दिसत होता. इतकी वर्षं आमच्या घरात असून मी तो बघितला नव्हता, कारण हात लावायचा नव्हता.

मी सरळ सिहामबाईंना गाठलं आणि कोटवाल्यांसमोरच सांगून टाकलं, की ती घागर आमची नाही, आजीची नाही, कार्डावरचं सगळं खोटं आहे. बुसादने माझा दंड धरून मला खांबाआड ओढलं. "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस मला! सख्खी बहीण आहेस की कोण आहेस?" त्याचा चेहरा लालेलाल झाला होता, अगदी यम्मासारखा. एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी मला त्याची कीव आली, कारण माझीही तीच गत होती. सिहामबाई मागून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "जिची आहे तिने सांगावं. परत हवी तर परत देऊ, ठेवायची तर नाव बदलू. यात लपवायचं काय?" त्यांच्यासाठी ते तेवढं सोपं होतं.

यम्मा केव्हाच मिनीबसमध्ये जाऊन बसली होती. मी शेजारी बसले. घाट लागला तेव्हा ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "ओळखली?"

"ओळखली. तिच्या आईने केलेली आहे, यम्मा. आईच्या हातचं तेवढं एकच होतं तिच्याकडे."

यम्माने दोन्ही हात तोंडावर धरले. "मला माहीत नव्हतं," ती बोटांआडून म्हणाली. "मला वाटलं, हाताला लागली ती पाठवली. मला माहीत नव्हतं गं." पुढच्या बाकांवरच्या बायका गात होत्या, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही. नन्ना जेजिगा पुढे खिडकीजवळ बसली होती. तिची पाठ तेवढी आम्हाला दिसत होती, आणि यम्मा गाव येईपर्यंत त्या पाठीकडे बघत राहिली.

सकाळी मी उठले तेव्हा यम्मा नवं तेल गाळत होती. घाण्यावरून आलेलं, हिरवंगार, घशाला झोंबणारं. आमच्याकडचा सगळ्यात मोठा कॅन तिने काठोकाठ भरला, वर झाकण लावलं, बाहेरून पुसला. डोक्याला चांगला रुमाल बांधला. मग दारात येऊन उभी राहिली आणि तिचा पाय उचलेना.

"चल," मी म्हटलं. "मी आहे."

"तू पुढे हो."

"मी कशी पुढे होऊ? भांडं तुझं आहे."

आम्ही गल्ली ओलांडली. गल्लीतल्या बायकांना कसा वास लागतो देव जाणे, पण एकीला एकदम उंबरा झाडायचा होता, दुसरीला पायपुसणं झटकायचं होतं, आणि दोघी-तिघी काहीच न करता सरळ उभ्या होत्या. कालचं सगळ्यांना कळलेलं होतं. यम्माने दार वाजवलं. नन्ना जेजिगाने उघडलं, आणि दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. इतका वेळ त्यांना समोरासमोर मी पहिल्यांदाच बघत होते. यम्मा तिच्यापेक्षा उंच आहे, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

यम्माने खूप काही ठरवून आणलं होतं, रात्रभर तोंडातल्या तोंडात म्हणत होती. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. "उशीर झाला," एवढंच म्हणाली आणि कॅन पुढे केला.

नन्ना जेजिगाने कॅन बघितला, तिच्याकडे बघितलं, मग कॅन घेतला. "जड आहे," म्हणाली. "आत ये."

यम्मा आत गेली नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मला सांगायचं होतं ते मी घाईघाईने सांगून टाकलं, की घागर परत आणून देऊ, उद्याच आणू, बुसादला काय वाटेल ते म्हणू दे.

"कशाला?" आतून नन्ना जेजिगाचा आवाज आला. ती आपल्या बुधल्यात तेल ओतत होती, त्याचा गुळगुळ आवाज बाहेर ऐकू येत होता. "राहू दे तिथे. इथे पोरं फोडतील. फक्त माझ्या आईचं नाव लिहा म्हणावं. दहबिया. आणि मला अधूनमधून घेऊन जा बघायला, त्या बुसादच्या गाडीतून. तेवढं त्याच्याकडून वसूल करू."

बाहेरच्या बायका हसल्या. मीही हसले. यम्मा हसली नाही. ती वाट बघत होती, कारण आता कॅन परत येणार होता, आणि जेजिगा त्यात काय घालते ते तिला घ्यावं लागणार होतं. मलाही तीच धास्ती वाटत होती. हिने परत ताक घातलं तर? काहीही घातलं तरी परतफेड पुन्हा आमच्याकडेच येणार, आणि यम्माला आणखी एक परतफेड झेपली नसती.

नन्ना जेजिगा बाहेर आली. तिने उंबऱ्यात उभं राहून, सगळ्या गल्लीला दिसेल असा, कॅन उलटा केला. शेवटचा थेंब दगडावर पडला. मग झाकण लावलं आणि कॅन यम्मापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "रिकामा आहे."

उंबरा झाडणारी झाडू हातात धरून थांबली. आमच्या गावात एका बाईने दुसऱ्या बाईला रिकामं भांडं असं तोंडावर परत दिलेलं मी बघितलं नव्हतं. यम्माचा चेहरा पांढरा पडला. तिचा हात पुढे होईना.

"अगं, घे की, फेत्ता," नन्ना जेजिगा म्हणाली. "काय झालं? छप्पर कोसळलं? अशीच आणून द्यायचीस तूही घागर. त्याच आठवड्यात, रिकामीच. मी घेतली असती. मला काय तुझी अंडी खायची होती? मैत्रीण गेली माझी, समोरच्या दारात बसून."

यम्माने रुमालाचं टोक तोंडावर ओढलं आणि दुसरा हात पुढे केला. रिकामा कॅन घेऊन ती वळली. मी तिचा दंड धरला. सगळ्या बायका बघत होत्या, आणि आम्ही त्यांच्यामधून, कॅन झाकायचा प्रयत्न न करता, घरी आलो.